एक चाळीस

"थांबा बाई, आज मीही येतो," म्हणत नवे साहेब घड्याळबाईंच्या पाठोपाठ सर्व्हरच्या खोलीपाशी आले, तेव्हा एक चाळीसला दोन मिनिटं कमी होती.

"बूट बाहेर," घड्याळबाई म्हणाल्या.

साहेबांनी निमूट बूट काढले. आत पंख्यांची घरघर इतकी, की बोलायला आवाज चढवावा लागे. लोखंडी कपाटात एकाखाली एक अशी दोन यंत्रं बसवलेली होती. वरच्यावर 'एक', खालच्यावर 'दोन' अशा चिठ्ठ्या चिकटपट्टीने डकवलेल्या. पट्टी पिवळी पडून कडेने सुटू लागलेली. घड्याळबाईंनी पडद्यावरचे दोन्ही आलेख पाहिले, 'एक'कडचं सगळं काम 'दोन'कडे वळवलं, 'एक' बंद करून पुन्हा सुरू केलं आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"आता?" साहेबांनी विचारलं.

"आता वीस मिनिटं उभं राहायचं."

"आणि मग?"

"मग 'दोन'."

"हे रोज?"

"रविवार सोडून रोज. रविवारी गर्दी नसते."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं होतील."

साहेब पडद्यावरच्या आलेखांकडे पाहू लागले. ते मूळचे भांडारातले. बावीस वर्षं त्यांनी याच रुग्णालयात सुया, सलाइनच्या बाटल्या आणि चादरी सांभाळल्या होत्या. संगणक विभागाचे आधीचे प्रमुख निवृत्त झाले आणि व्यवस्थापनाने ती खुर्ची यांना दिली, तेव्हा विभागात हशा पिकला होता. सुया मोजणारा आता संगणक मोजणार, असं कोणीतरी म्हणालं होतं. घड्याळबाई हसल्या नव्हत्या, पण त्यांनी त्याला गप्पही केलं नव्हतं.

त्या दोन यंत्रांचं काम समजायला फार शिकावं लागत नाही. रुग्णालयातला प्रत्येक संगणक बाहेरच्या जगाशी बोले तो या दोघांमार्फत. कोणा डॉक्टरने एखाद्या औषधाची माहिती मागितली, की 'एक' ती बाहेरून आणून देई आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवी. तासाभराने दुसऱ्या कोणी तीच मागितली, तर ठेवलेली प्रत हातावर ठेवी. आपल्याकडे नसली तर आधी 'दोन'ला विचारी, तुझ्याकडे आहे का? 'दोन'ही तसंच करी. अशा मध्यस्थाला प्रॉक्सी म्हणतात. जोडी गुणाची होती, खोड एकच. सकाळच्या गर्दीत दोघांची मेमरी भरत जाई आणि दुपारी अडीचच्या सुमारास त्यांतलं एक कोलमडे. त्याचा भार दुसऱ्यावर येई, आणि आधीच काठोकाठ भरलेलं ते दुसरं पाच मिनिटांत त्याच्या मागे जाई. मग बाहेरगावच्या तज्ज्ञाकडे पाठवलेल्या क्ष-किरण प्रतिमा अडकत, रक्तपेढ्यांना विचारलेले प्रश्न अडकत, आणि खिडक्यांपुढच्या रांगा जिन्यापर्यंत जात.

म्हणून घड्याळबाई त्यांना पडण्याआधीच उतरवत. दीड ते सव्वादोन बाह्यरुग्ण विभाग जेवायला बंद असे. एक चाळीसला 'एक', दोन वाजता 'दोन'. पुन्हा सुरू केलं की मेमरी रिकामी आणि चोवीस तासांची बेगमी. एकदा हे यंत्रानेच आपोआप करावं अशी सोय केली होती, तर त्या दिवशी 'एक' सुरू होता होता अडकलं आणि चाळीस मिनिटं रुग्णालय ठप्प झालं. दुसऱ्यांदा घड्याळबाई तापाने घरी होत्या. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने वीस मिनिटं थांबायचा कंटाळा केला आणि दोन्ही एकदम बंद पडली. त्यानंतर आधीच्या साहेबांनी कानाला खडा लावला. हे काम बाईंनीच करायचं, उभं राहून, डोळ्यांदेखत.

त्या उठल्या की लिफ्टवाला डबा सोडायला घेई. क्ष-किरण विभागातल्या बाई हात धुवायला जात. नाव कधी पडलं ते कोणालाच आठवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घड्याळबाईंना ते आवडत असे.

त्याची किंमतही त्यांनी मोजली होती. ताई, त्यांची थोरली बहीण, बसने चौदा तासांवर राहत असे, आणि वडील तिच्याकडे. तीन वर्षांपूर्वी बाबा अंथरुणाला खिळले. शनिवारी दुपारी 'दोन' सुरू झालं की घड्याळबाई तीनची बस पकडत, रविवारी पहाटे पाचला पोचत आणि संध्याकाळी सहाला परत निघत. अठ्ठावीस तास प्रवास आणि तेरा तासांची भेट. महिन्यातून एकदा, पुढे दोन महिन्यांतून एकदा.

"कशी आहेत तुझी जुळी?" ताई फोनवर विचारी. "दूध पिऊन झोपली का?"

"ताई, थट्टा नको. मी नसले तर एवढं मोठं रुग्णालय बंद पडतं."

"ठाऊक आहे गं. म्हणून तर आल्यागेल्याला सांगते, आमची छोटी तिथून हलली की शेकडो रुग्ण अडकतात."

बाबा गेले ते मंगळवारी. सकाळी अकराला ताईचा फोन आला, की श्वास बदललाय, निघता येईल का? घड्याळबाईंनी घड्याळ पाहिलं. त्या दोन वाजून पाच मिनिटांनी निघाल्या. अर्थात अकराला निघूनही उपयोग झाला नसता, कारण बाबा दुपारी चारलाच गेले. पण आदल्या आठवड्यात ताई म्हणाली होती, "चार दिवस येऊन राहा, ते तुझं नाव घेतात." आणि तेव्हा उपयोग झाला असता.

या गोष्टीला अकरा महिने झाले होते.

"मला एक टिपण हवंय," दोन वाजले आणि 'दोन'ही सुरू झालं, तेव्हा साहेब म्हणाले. "ही रोज बंद का करावी लागतात? एक पान. मला कळेल असं."

'मला कळेल असं' म्हणजे काय ते घड्याळबाईंना कळलं आणि थोडा रागही आला. तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी पान नेऊन दिलं. साहेबांनी ते पेन्सिल हातात धरून वाचलं.

"'दोन्ही यंत्रांच्या आपसातल्या देवाणघेवाणीत मेमरीची गळती होत असावी.' गळती म्हणजे कुठे जाते?"

"ते शोधलं मी. दीड वर्ष शोधत होते. दोघं एकमेकांना काय विचारतात, काय उत्तरं देतात, सगळं नोंदवून पाहिलं. सापडलं नाही."

"भांडारात मी 'गळती' असं लिहिलं असतं ना बाई, तर दुसऱ्या दिवशी माझी चौकशी लागली असती." साहेब हसले. "गळती नंतर बघू. आधी सांगा, एका यंत्रात जागा किती?"

"बत्तीस जीबी."

"आणि त्यात काय काय असतं?"

"प्रॉक्सी असते. तिला मी सव्वीसची मर्यादा घातलीय. त्यापुढे ती जात नाही."

"पण जाते की. रोज पडते म्हणता."

"तेच तर. म्हणून गळती."

साहेबांनी पानाच्या पाठीवर एक चौकोन काढला. "हे बघा, मला तुमच्यातलं काही कळत नाही. माझ्याकडे गोदाम होतं. नवा अधिकारी आला की म्हणायचा, इमारत एवढी मोठी, मग माल एवढाच का मावतो? मी म्हणायचो, साहेब, फळ्या म्हणजे इमारत नव्हे. माल उतरवायला ओटा लागतो, गाडा फिरायला वाट लागते. कोणतं खोकं कुठे आहे त्याची यादी ठेवायला खोली लागते. शेजारच्या गोदामात काय आहे त्याची यादी, तिलाही टेबल लागतं." त्यांनी चौकोनाच्या आत आणखी एक चौकोन काढला. "तुमचे हे सव्वीस, हे आतलं आहे का बाहेरचं?"

"बाहेरचं," घड्याळबाई लगेच म्हणाल्या. "ही एकूण मर्यादा आहे."

"असेल, तुम्हाला ठाऊक. तेवढं एकदा कुठे लिहिलंय ते दाखवा, म्हणजे मला टिपणावर सही करता येईल."

त्या पुस्तिका आणायला गेल्या त्या साहेबांना गप्प करायलाच. नऊ वर्षांपूर्वी छापून घेतलेली जाड पुस्तिका खणाच्या तळाशी होती. पान सापडायला वेळ लागला नाही, कारण तिथे त्यांच्याच पेन्सिलीची रेघ होती. 'या आकड्याने प्रतींसाठी वापरायच्या मेमरीची मर्यादा ठरते.' रेघ तिथे संपत होती. पुढचं वाक्य पान उलटल्यावर होतं. 'ही प्रॉक्सीच्या एकूण मेमरीची मर्यादा नव्हे. याद्या, चालू मागण्या आणि इतर कामांना लागणारी मेमरी याव्यतिरिक्त असते, आणि ती बरीच असू शकते.'

घड्याळबाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग खणातून कोरा कागद काढला आणि 'एक'मध्ये काय काय चाललंय ते एकेक करून मोजलं. याद्यांचे चार. चालू मागण्यांचे तीन. 'दोन'कडच्या मालाची यादी, यंत्राची स्वतःची गरज, सगळं मिळून दहा. सव्वीस आणि दहा छत्तीस. जागा बत्तीस.

कुठेच काही गळत नव्हतं.

पहिल्यांदा यंत्रं पडू लागली, तेव्हा त्यांत आठच जीबी होती आणि त्यांनी आकडा सहाचा घातला होता. मेमरी कमी पडते म्हणून त्यांनी अर्जामागून अर्ज करून ती सोळा करून घेतली आणि आकडा बारा केला. मग बत्तीस, आणि आकडा सव्वीस. जेवढी जागा मिळाली तेवढी दर वेळी त्यांनी आपल्याच हाताने फळ्यांनी भरून टाकली होती. आणि दर वेळी पडल्यावर त्या दोन यंत्रांमधल्या बोलण्याला कान लावून बसल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं दुसऱ्या कोणाचं झालं असतं, तर त्यांनी चहाच्या वेळी चवीने सांगितलं असतं.

त्या दिवशी एक चाळीसला त्यांनी 'एक'चा आकडा सव्वीसचा सोळा केला. 'दोन'ला हात लावला नाही. काही बदलायचं तर एका वेळी एकच, हा त्यांचा नियम होता. दुसऱ्या दिवशी एक चाळीसला 'एक'ला बंद न करता त्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. अडीच वाजले. तीन. 'एक'ची रेषा सकाळपासून चढत आली होती ती एका उंचीवर येऊन आडवी झाली आणि आडवीच राहिली. सहाला त्या घरी गेल्या तेव्हाही ती आडवीच होती.

तीन दिवस पाहून त्यांनी 'दोन'चाही आकडा बदलला.

सोमवारी एक चाळीसला त्या सवयीने उठल्या आणि टेबलाला हात टेकून तशाच उभ्या राहिल्या. लिफ्टवाल्याने दारातून डोकावलं.

"बाई, आज काय हे? एक पन्नास झाले. मी डबा सोडू का नको?"

"सोडा. यापुढे स्वतःच्या घड्याळावर सोडत जा."

"बरं नाही का तुम्हाला?"

"मला बरंय. यंत्रांनाही बरंय."

लिफ्टवाला काहीतरी पुटपुटत गेला. शेजारचा सहकारी म्हणाला, "बाई, आता तुम्ही दुपारी करणार काय?" आणि घड्याळबाई हसल्या, कारण तो थट्टेने विचारत होता.

साहेबांनी अहवालाचा नमुना पुढे केला. "कारणाच्या रकान्यात काय घालू? 'जुनी मांडणी' म्हणू? बघणारे तेवढंच बघतात."

"मर्यादेचा आकडा चुकीचा होता, असं लिहा. मी घातलेला. सुरुवातीपासून."

"सुरुवातीपासून हवंच का?"

"हवं."

साहेबांनी लिहिलं, सही केली, टोपण लावलं. "बाई, मी विचारलं ते अडाणीपणाने हो. मला काही माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर विचारलं नसतं तुम्ही," घड्याळबाई म्हणाल्या. "मला चार दिवस रजा हवीय."

बसमध्ये चौदा तास त्यांनी एकच गोष्ट घोळवली. न सांगताही चाललं असतं. यंत्रं सुधारली, रजा मिळाली, आले. ताईने विचारलंही नसतं. ताईला त्या यंत्रांतलं काय कळतं? आणि त्यांनी न येण्याचं जे कारण दिलं होतं, त्याच्यावर ताईने अकरा महिने, खरं तर नऊ वर्षं, घर उभं केलं होतं. ते काढून घेऊन तिच्या हातात द्यायचं काय?

ताई स्थानकावर आली होती. "चार दिवस? खरंच? जुळी कोणाकडे ठेवलीस?"

"मोठी झाली ती."

"अगं बाई! एकदाची झाली म्हणायची."

पहिला दिवस घड्याळबाईंनी काही सांगितलं नाही. ताईचे गुडघे सुजले होते आणि ती उठताना भिंतीचा आधार घेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बाबांची खोली आवरायला शिरल्या. ताईने ती तशीच ठेवली होती. औषधांच्या रिकाम्या बाटल्या खोक्यात भरता भरता घड्याळबाई म्हणाल्या, "ताई, ती यंत्रं बंद पडत होती ना, त्यात यंत्रांचा दोष नव्हता."

"मग?"

"मी एक आकडा चुकीचा घातला होता. एकच. तो बदलला आणि सगळं सुरळीत झालं. पाच मिनिटांचं काम होतं."

ताई पलंगावर बसून चादरीच्या घड्या घालत होती. "केव्हा घातला होतास?"

"पहिल्यापासून. नऊ वर्षं."

ताईच्या हातातली घडी अर्धी राहिली. "म्हणजे तेव्हा तुला येता आलं असतं."

"आलं असतं."

"मी बोलावलं तेव्हा. त्या आठवड्यात."

"हो."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कोणी 'येऊ दे, येऊ दे' म्हणून ओरडत होता. ते थांबल्यावर ताईने मान वर केली.

"हे मला सांगायची काय गरज होती गं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी बरी होते. रात्री-अपरात्री त्यांना उचलताना कंबर मोडायची, तेव्हा मी म्हणायची, छोटी तिथे शेकडो माणसं सांभाळतेय, मी इथे एक सांभाळते. तेवढ्यावर निभावलं मी. आता तेही नाही."

"माझ्याच्याने लपवलं गेलं नसतं."

"तुझ्याच्याने गेलं नसतं. माझं काय?"

घड्याळबाईंनी बाटल्यांचं खोकं दोरीने बांधलं, गाठ सैल बसली म्हणून सोडून पुन्हा बांधलं.

"कोणी आहे का घरात?" दारातून आवाज आला. शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या होत्या. खोलीत डोकावून त्यांनी घड्याळबाईंना नीट पाहून घेतलं. "ह्याच का त्या? रुग्णालयातल्या? अहो, तुमचं किती ऐकलंय! तुम्ही जागच्या हललात की सगळं बंद पडतं म्हणे. मी आमच्या सुनेला सांगते, जबाबदारी म्हणतात ती अशी."

घड्याळबाईंनी तोंड उघडलं.

"आता नाही पडत बंद," ताई आधी म्हणाली. तिने उरलेली घडी पुरी केली आणि चादर ढिगावर ठेवली. "हिची चूक होती. हिनंच शोधली आणि हिनंच दुरुस्त केली."

काकूंना कसली चूक ते कळलं नाही. "वा! म्हणजे आता येत जाल."

काकूंनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"येईल," ताई म्हणाली.

काकू गेल्यावर ताई भिंतीला धरून उठली. बाबांच्या कपड्यांचं लाकडी कपाट खिडकीपासून दाराशी न्यायचं होतं. उद्या एक माणूस येऊन ते घेऊन जाणार होता. घड्याळबाईंनी पुढे होऊन त्याची वरची कड धरली.

"तिथं नको," ताई म्हणाली. "वरून धरलंस तर सगळं वजन तुझ्या पाठीवर येईल. खाली वाक. गुडघ्यात वाक, कमरेत नाही. हात पार खालून घाल. आता अंग त्याला चिकटव. लाजू नकोस, चिकटव."

घड्याळबाईंनी तसं केलं. गाल लाकडाला टेकला.

"आणि एक-दोन-तीन म्हणायचं नाही. त्याने माणूस आधीच ताठरतं. माझा श्वास ऐक. मी सोडला की उचल."

कपाटाला श्वास लागत नाही आणि ते ताठरतही नाही. दोन वर्षं ताईने असं उचललं होतं ते बाबांना. घड्याळबाई गुडघ्यांत वाकून, दोन्ही हात खाली घालून, कपाटाच्या पलीकडून ताईचा श्वास ऐकू येण्याची वाट पाहत राहिल्या.